दीड वर्षाचा कट

‘इरेझरहेड’मधला हेन्री स्पेन्सर अंधाऱ्या पॅसेजमधून चालत येतो, खोलीच्या दाराची मूठ फिरवतो आणि आत पाऊल टाकतो. पडद्यावर हे काही सेकंदांत उरकतं. चित्रीकरणात मात्र मूठ फिरवणं आणि आत येणं यांच्यामध्ये दीड वर्ष गेलं होतं. दिग्दर्शक डेव्हिड लिंचने हा किस्सा मुलाखतींतून सांगितला आहे. चाहते तो सांगतात जॅक नान्सच्या कौतुकासाठी, कारण हेन्री झालेल्या या नटाने ते उभे, पिंजारलेले केस वर्षानुवर्षं सांभाळले. मला त्यात केसांपेक्षा कानांचा वाटा मोठा दिसतो. सिनेमा पुरा होईपर्यंत पैसे संपले, पुन्हा उभे राहिले, कॅमेरामनही बदलला. हर्बर्ट कार्डवेलच्या जागी फ्रेडरिक एल्म्स आला. तरी प्रेक्षकाला सांधा दिसत नाही. डोळा सांध्यापाशी पोहोचायच्या आत कान तो ओलांडून गेलेला असतो.

आज ‘इरेझरहेड’ हा मध्यरात्रीच्या खेळांवर वाढलेला कल्ट सिनेमा म्हणून ओळखला जातो. तो मुळात विद्यार्थ्याचा प्रकल्प होता, हे त्या कीर्तीखाली दबून जातं. लिंच तेव्हा अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या लॉस एंजेलिसमधल्या केंद्रात शिकत होता. संस्थेचा मुक्काम बेव्हर्ली हिल्समधल्या ग्रेस्टोन नावाच्या जुन्या हवेलीत होता. हवेलीच्या मागे घोड्यांचे तबेले रिकामे पडले होते, ते लिंचने ताब्यात घेतले. पटकथा वीस-बावीस पानांची. एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट या हिशोबाने संस्थेची अपेक्षा छोट्या फिल्मची होती. दहा हजार डॉलरचं अनुदान मिळालं आणि २९ मे १९७२ला शूटिंग सुरू झालं. सिनेमा लोकांसमोर आला मार्च १९७७मध्ये. मधल्या काळात लिंच वर्तमानपत्रं टाकत होता, अभिनेत्री सिसी स्पेसेक आणि तिचा नवरा जॅक फिस्क पैसे देत होते, आणि नान्सची तेव्हाची पत्नी कॅथरिन कूल्सन हॉटेलात वेट्रेसचं काम करून उरलेल्या वेळात सेटवर पडेल ते काम करत होती, बूम धरण्यापर्यंत.

इतक्या तुकड्यांत शूट झालेला सिनेमा एडिटिंग टेबलवर गोधडीसारखा दिसायला हवा होता. तसा तो दिसत नाही याचं श्रेय लिंचइतकंच ध्वनिरचनाकार अ‍ॅलन स्प्लेटला जातं. फिलाडेल्फियात लिंचने ‘द ग्रँडमदर’ (१९७०) ही छोटी फिल्म केली, तेव्हा या दोघांची जोडी जमली. पुढे स्प्लेट संस्थेच्या ध्वनी विभागाचा प्रमुख झाला. ‘इरेझरहेड’चं चित्रीकरण आटोपल्यावर दोघांनी एक खोली ब्लँकेटं लावून ध्वनिबंद केली आणि वर्षभर आवाजावर काम केलं. नव्वद मिनिटांच्या आतल्या सिनेमासाठी एक वर्ष! आपल्याकडे डिप्लोमा फिल्मचं मिक्सिंग म्हटलं की तारीख संपत आलेली, स्टुडिओची शिफ्ट मोजून मिळालेली आणि दिग्दर्शक डोळ्यांत तेल घालून बसलेला. त्या हिशोबात हे वर्ष चैनीचं वाटेल. पण पैसा नसलेल्या माणसाजवळ खर्च करायला तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती त्याने योग्य ठिकाणी खर्च केली.

त्या वर्षात काय झालं हे कळण्यासाठी रूम टोन म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. कुठल्याही लोकेशनवर शूटिंग संपलं की साउंड रेकॉर्डिस्ट सगळ्यांना जागच्या जागी गप्प उभं करतो आणि रिकाम्या खोलीचा आवाज अर्धा-एक मिनिट टेप करून घेतो. प्रत्येक खोलीला स्वतःची अशी एक बारीक गुणगुण असते: कुठे वायरिंगची, कुठे नळाची, कुठे लांबच्या रस्त्याची. एडिटिंगमध्ये दोन संवादांच्या मध्ये ट्रॅक कोरा सोडला तर तिथे भोक पडल्यासारखं वाटतं, म्हणून ही गुणगुण खाली भरतात. प्रेक्षकाने ती ऐकायची नसते. लाईट गेली की पंखा थांबतो आणि इतका वेळ तो वाजत होता हे तेव्हा कळतं, तेवढंच तिचं अस्तित्व.

लिंच आणि स्प्लेटने हा भरावाचा माल उचलून थेट अग्रभागी आणला. ‘इरेझरहेड’मध्ये खोली रिकामी असते तेव्हाही ती भरलेली ऐकू येते. हेन्रीच्या खोलीत रेडिएटरची सू-सू आहे, खाली कुठल्यातरी यंत्राचा खर्ज आहे, त्याहून खाली वाऱ्यासारखं काहीतरी. पॅसेजमध्ये हाच खर्ज थोडा पोकळ होतो. लिफ्टमध्ये दिव्याची गुणगुण त्यावर चढते. एकेका वेळी पंधरापर्यंत आवाज वेगवेगळ्या रिळांवरून एकत्र वाजवले गेले. हे आज लॅपटॉपवर पंधरा ट्रॅक एकाखाली एक मांडण्याइतकं सोपं नव्हतं. प्रत्येक आवाज चुंबकीय फिल्मच्या वेगळ्या रिळावर असायचा, सगळी रिळं एका चालीत फिरवावी लागायची. आणि हा सगळा खटाटोप मोनोमध्ये. त्याच १९७७च्या मे महिन्यात ‘स्टार वॉर्स’ डॉल्बी स्टिरिओ घेऊन आला आणि थिएटरचा आवाज चहूबाजूंनी येऊ लागला. ‘इरेझरहेड’चा आवाज एकाच तोंडातून येतो, तरी त्याला खोली आहे. कारण ती खोली दिशेतून येत नाही, थरांतून येते.

आता दाराच्या त्या कटकडे पुन्हा पाहा. एरवी पॅसेजमधून खोलीत आलो की आवाज बदलतो आणि जागा बदलल्याची खूण पटते. इथेही बदलतो, पण वरवरचा. तळातला खर्ज दाराच्या दोन्ही बाजूंना चालूच राहतो. म्हणजे वरचा आवाज सांगतो की तू आत आलास, आणि तळचा सांगतो की तू कुठेच गेला नाहीस, ही सगळी इमारत एकाच यंत्राच्या पोटात आहे. संकलनाची अडचण सोडवता सोडवता आशयही हाती लागला. हेन्रीला कुठलंच दार बाहेर नेत नाही, हे आपल्याला कोणी सांगत नाही. ते त्या खर्जातून उमगतं.

या दोघांची आवाज मिळवण्याची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. एका प्रसंगात हेन्री शेजारणीबरोबर पलंगावर आहे आणि पलंग हळूहळू पातळ द्रवाचं डबकं होतो; दोघं त्यात विरघळत बुडतात. या दृश्याला आवाज कुठला? स्प्लेट आणि लिंचने प्लॅस्टिकच्या बाटलीत मायक्रोफोन सारला, बाटली टबातल्या पाण्यावर तरंगत ठेवली आणि बाटलीतून हवा फुंकत रेकॉर्डिंग केलं. नंतर त्याची पट्टी बदलली, त्याला घुमारा दिला, काही कंप्रता चढवल्या, काही उतरवल्या. ऐकताना पाणी आठवतं, श्वास आठवतो, आणि कोणीतरी दुसऱ्याच खोलीत हुंकारत असल्यासारखंही वाटतं. शृंगाराच्या प्रसंगाखाली व्हायोलिनं भरायची सोय त्या काळीही होती. हल्ली शॉर्टफिल्म महोत्सवांत दुपारभर बसलं की पियानोचे चार सूर आणि त्याखाली तंतुवाद्यांचा लांबलचक उसासा किती वेळा ऐकावा लागतो! हे ‘पॅड’ इंटरनेटवरून फुकट मिळतं आणि फुकटच राहतं. टबातली बाटलीही जवळपास फुकट होती. पण ती त्या एका पलंगासाठीच तरंगवली होती.

सगळ्यात रसाळ भाग हेन्रीच्या प्रेयसीच्या, मेरीच्या, आईवडिलांकडच्या जेवणाचा. हेन्री सासरच्या (म्हणजे होऊ घातलेल्या सासरच्या) बैठकीत कोचावर अंग चोरून बसलेला. जमिनीवर कुत्री पडली आहे आणि तिला पिल्लं लुचताहेत. हे पिणं, चुरुचुरु, ओलं, हावरट, इतक्या जवळून आणि इतक्या मोठ्याने ऐकू येतं की माणसांचं बोलणं त्याच्या मागे पडतं. पडद्यावर कुत्री लांब आहे, कानात मात्र मांडीवर आहे. दृश्याचं अंतर आणि आवाजाचं अंतर असं वेगळं ठेवणं हे लिंचचं खास हत्यार, आणि इथे ते नेमकं लागतं. कारण थोड्याच वेळात कळणार आहे की मेरीला मूल झालंय आणि हेन्रीला बाप व्हायचंय. ‘बाळ’ हा शब्द कोणी उच्चारण्याआधी लुचण्याचा आवाज खोलीभर झालेला असतो. बातमी आधी कानाला कळते, मग हेन्रीला.

त्यानंतर जेवणाचं टेबल. हाताच्या मुठीहून लहान, कारखान्यात बनवलेल्या कोंबड्या. त्या कापायचा मान पाहुण्याला. हेन्री काटा टोचतो आणि कोंबडीचे पाय हलू लागतात, मधून काळपट द्रव बुडबुडत येतो. हा प्रसंग बहुतेकांना डोळ्यांनी आठवतो. एकदा डोळे मिटून ऐका: कोंबडीचा आवाज फारसा मोठा नाही. मोठा होतो तो मेरीच्या आईचा. ती तोंड उघडं टाकून कसल्याशा तंद्रीत जाते, आणि भयाची जागा ताटातून तिच्या चेहऱ्यावर सरकते. कट साधेच आहेत: ताट, चेहरा, ताट, हेन्री. कुठे थांबायचं हे आवाजाने ठरवलंय.

दुसरी एक जागा विनोदाची आहे, आणि ‘इरेझरहेड’मधला विनोद आवाजातूनच येतो, असं माझं ठाम मत आहे. बाळाच्या रडण्याने मेरीला झोप नाही. ती वैतागून माहेरी निघते. पलंगाच्या पायथ्याशी ती खाली बसते आणि गजांआडून तिचा चेहरा दिसतो. मग ती कशाला तरी हिसके देऊ लागते. पलंग करकरतो, हादरतो, पुन्हा करकरतो. ती रडतेय, चिडलीय की तिला आकडी आली आहे? शॉट हलत नाही, करकर थांबत नाही. शेवटी पलंगाखाली अडकलेली सुटकेस बाहेर येते. एडिटरने हे दोन हिसक्यांत कापलं असतं तर ती नुसती माहिती झाली असती. करकर जितकी लांबते तितकी ती आधी चमत्कारिक, मग हास्यास्पद आणि शेवटी केविलवाणी होते. न कापणं हाही संकलनाचा निर्णय असतो, आणि तो शिकवायला सगळ्यात अवघड.

माणसाच्या बाळासारखं न दिसणाऱ्या त्या बाळाबद्दल बरंच लिहिलं गेलंय. ते कशाचं बनवलं होतं हे लिंचने शेवटपर्यंत सांगितलं नाही. मला त्याच्या रडण्याची रचना अधिक भावते. ते आधी मानवी बाळाच्या जवळ जाणारं, पातळ, नाकातलं रडं आहे. पुढे बाळ आजारी पडतं, अंगावर फोड येतात, हेन्री वाफारा लावून शेजारी बसतो. वाफेची सू-सू आणि रेडिएटरची सू-सू एकमेकींत मिसळतात, आणि रडणं घरघरीत उतरतं. हेन्री बाहेर जायला दार उघडतो की रडणं सुरू, आत आला की बंद. असं दोनदा-तीनदा झालं की आपण दाराच्या मुठीलाच घाबरू लागतो. मग एका क्षणी ते बाळ चक्क हसतं, हेन्रीला हसतं. तोवर आपल्या मनात त्याच्याविषयी जी करुणा साठली होती, ती एका आवाजात नासते. पुढे हेन्री कात्री उचलतो, तेव्हा आपण त्याला थांबवण्याइतके निर्दोष राहिलेले नसतो.

संगीत म्हणावं असं सिनेमात फार थोडं आहे. जॅझवादक फॅट्स वॉलरचं ऑर्गन हे त्यातलं मुख्य. हेन्री आपल्या खोलीत त्याची तबकडी लावतो, आणि इतरत्र ती लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखी ऐकू येते. वॉलरने १९२०च्या दशकात व्हिक्टर कंपनीसाठी पाइप ऑर्गनवर ही मुद्रणं केली ती न्यू जर्सीतल्या कॅम्डेनमध्ये, चर्चचा स्टुडिओ करून घेतलेल्या वास्तूत. कॅम्डेन फिलाडेल्फियाच्या समोर, डेलावेअर नदीच्या पलीकडे. आणि ‘इरेझरहेड’चं धुरकट, भीतीने भरलेलं शहर हे लिंचने तरुणपणी अनुभवलेल्या फिलाडेल्फियातून आलंय. सिनेमातलं शहर आणि त्यात वाजणारी तबकडी एकाच नदीच्या दोन काठांवरची निघावीत, हा योगायोग मला आवडतो. शिवाय वॉलरचं वादन मुळात खुशीचं, पाय थिरकवणारं. यंत्रांच्या खर्जातून गाळून ते इतकं एकाकी होतं की जत्रा उठून गेल्यावर कोणीतरी वाजवत बसल्यासारखं वाटतं. मूळ सुरावटीला हात न लावता, नुसतं ती कुठून ऐकू येते हे बदलून भाव पालटला आहे.

हेन्रीला रेडिएटरच्या आत दिसणाऱ्या बाईचं गाणं संगीतकार पीटर आयव्हर्सचं. पडद्यावर ते गाते लॉरेल निअर, गालांवर मोठाले गोळे चिकटवलेली, लाजरं हसणारी. गाण्याआधी ती रंगमंचावर तिरक्या पावलांनी नाचते आणि वरून पडणाऱ्या लिबलिबीत अळ्या पायाखाली चिरडते. चिरडण्याचा तो ओला ठेका ऑर्गनच्या तालाशी खेळतो, आणि इथे मी दर वेळी हसतो. यानंतरचा पेन्सिल-कारखान्याचा भाग मात्र मला सैल वाटतो. हेन्रीचं डोकं गळून पडतं, एक पोरगा ते उचलून कारखान्यात नेतो, त्यातून खोडरबर तयार होतात. कल्पना भन्नाट, पण यंत्राचा आवाज इतका वेळ अदृश्य राहून काम करत होता, आणि इथे ते यंत्रच समोर मांडल्यावर तो दृश्याच्या मागे नुसता चालत राहतो. जे दिसतं तेच ऐकू येतं. सिनेमाची उरलेली रीत इतकी कडक आहे की ही एवढी ढिलाईही जाणवते.

लॉस एंजेलिसच्या ‘फिल्मेक्स’ महोत्सवात १९ मार्च १९७७ला पहिला खेळ झाला. प्रतिसाद थंड होता. लिंचला नंतर वाटलं की आवाजच फार मोठा मिक्स झाला होता. त्याने आवाजाचं ऐकलं आणि चित्रालाही कात्री लावली: सुमारे वीस मिनिटं काढून टाकली. सिनेमा ८९ मिनिटांवर आला. पाच वर्षं रक्त आटवून जमवलेल्या शॉट्समधली वीस मिनिटं फेकणं सोपं नसतं. विद्यार्थिदशेत तर प्रत्येक शॉटला त्याच्या मागची रात्र, उसनवारी आणि भांडण चिकटलेलं असतं, आणि एडिटिंग टेबलवर दिसतो तो शॉट कमी, ती रात्र जास्त. कापलेल्या भागात गाडीच्या बॅटरीशी संबंधित एक छळाचा प्रसंग होता, मेलेल्या मांजराचा एक होता. वर्णन ऐकूनच वाटतं की ते गेले ते बरं झालं. ते धक्के डोळ्यांना दिलेले होते.

शेवट मोठ्याने होतो, पण तो मोठेपणा कमावलेला आहे. हेन्री बाळाची पट्टी कात्रीने उलगडतो, आणि पट्टीच त्याचं अंग धरून होती हे कळतं. विजेचे बोर्ड ठिणग्या टाकू लागतात, दिवे चमकतात-विझतात. गुणगुणीचा आणि तडतडीचा इतका वेळ तळाशी राहिलेला थर वर सरकत येतो. सिनेमाच्या सुरुवातीला एका ग्रहावर बसून खटके ओढणारा माणूस (हा जॅक फिस्कच) आता त्या खटक्यांशी झटापट करतोय, आणि घर्षणाचा चीत्कार सगळं व्यापून टाकतो. पहिल्या रिळापासून जो खर्ज आपण खोलीचा म्हणून सहन करत आलो, तो कोणीतरी हाताने चालवत होतं असा संशय इथे येतो. संवादातून हे सांगायचं तर पाच पानं लागली असती.

स्प्लेटला पुढे ‘द ब्लॅक स्टॅलियन’ (१९७९) या सिनेमाच्या ध्वनिसंकलनासाठी ऑस्कर अकादमीचा विशेष पुरस्कार मिळाला. लिंचबरोबर त्याने ‘द एलिफंट मॅन’, ‘ड्यून’ आणि ‘ब्लू व्हेल्वेट’ केले. १९९४ साली तो गेला. ‘इरेझरहेड’चा साउंडट्रॅक १९८२मध्ये तबकडीवर निघाला. त्यात आवाज आहेत, संवादांचे तुकडे आहेत, वॉलर आहे, गाणं आहे. आवाजप्रेमी मंडळी ही तबकडी स्वतंत्र कलाकृती म्हणून डोक्यावर घेतात. मी तितका भारावलो नाही. गाणं आणि ऑर्गन चित्राशिवाय तगतात. पण खोल्यांचे ते थर, ज्यांच्यावर वर्ष घालवलं, ते नुसते ऐकताना काही वेळाने पार्श्वभूमी होऊन जातात. लुचणाऱ्या पिल्लांना कोचावर अवघडलेला हेन्री लागतो, आणि करकरीला न दिसणारी सुटकेस. वर्षभर ब्लँकेटांआड बसून त्या दोघांनी जे बनवलं ते चित्राला अचूक बेतून शिवलं होतं. तबकडीवर ते थोडं रिकामं वाटतं, आणि मला ते त्यांच्या कामातलं उणं वाटत नाही.